१८१८ चें साल आणि मराठी कादंबरी

इ. स. १८१८ हें साल मराठी लेखकाच्या हातीं लागलें कीं तें शनिवारवाड्यांत शिरतें आणि तेथून बाहेर पडत नाहीं. वस्तुतः वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें तें १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं. ज्या सालीं आपण त्या वाड्यासाठीं अश्रु ढाळतों, त्या सालीं पेशवा तेथें नव्हताच. तो कोरेगांव, आष्टी असा रानोमाळ फिरत होता, आणि ३ जून १८१८ ला माल्कमच्या स्वाधीन झाला.

ना. सं. इनामदार यांनीं 'मंत्रावेगळा' ह्या कादंबरींत दुसऱ्या बाजीरावाकडे सहानुभूतीनें पाहिलें. 'पळपुटा' ह्या एका शब्दांत ज्याचा निकाल लावला जात असे, त्याच्या मनांत शिरण्याचें धैर्य त्यांनीं केलें, ह्याचें श्रेय त्यांना निःसंशय दिलें पाहिजे. परंतु मूर्ति नवी घडली तरी गाभारा तोच राहिला. बाजीराव शूर कीं भ्याड, ह्या वादांतच आपण अडकून पडतों.

डेन्मार्कच्या इतिहासांत १८६४ हें असेंच पराभवाचें साल. प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत त्या देशानें श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रांत गमावले. त्यावर हर्मन बांग ह्यानें १८८९ सालीं 'टीने' ही कादंबरी लिहिली. ती घडते आल्स बेटावरील एका वनाधिकाऱ्याच्या घरीं. माघार घेतलेलें सैन्य गांवांत उतरतें, घरें परक्या माणसांनीं भरून जातात, आणि चर्चच्या सेवकाची मुलगी टीने त्या धामधुमींत जिवास मुकते. राष्ट्राचा पराभव आपणांस जणू स्वयंपाकघराच्या दारांतून दिसतो.

आमच्याकडे असें घर कां सांपडूं नये? शिरूर तालुक्यांतलें कवठें येमाईच घ्या. त्याच मुलुखांतील घोडनदीच्या छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची सुमारें आठशें माणसें निघालीं आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास पेशव्याच्या फौजेशीं भिडलीं. येमाईचा पुजारी, गांवचा पाटील आणि वेशीवरचा येसकर, ह्या तिघांना तें साल सारखेंच भासलें असेल काय? मला तसें वाटत नाहीं. कोरेगांवच्या स्तंभावर कंपनीनें स्वतःच्या गौरवार्थ नांवें कोरलीं. त्यांत शेवटीं 'नाक' असलेलीं महार शिपायांचीं नांवें आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि त्या शिलालेखाचा अर्थच पालटला. पेशवाईंत ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई, त्यांच्या वंशजांनीं तें साल शोकाचें म्हणून कां वाचावें? अर्थात् एका शोकगीताच्या जागीं दुसरा जयघोष बसविल्यानें कादंबरी होत नाहीं. स्तंभ परक्याचा होता, आणि पेशव्याच्या बाजूनें लढणाऱ्यांत अरबहि होते. ही गुंतागुंत कादंबरीकाराला सोडतां येणार नाहीं.

साहित्याची वाण नाहीं. बाजीरावाच्या अमदानींत वसुलाचे मक्ते लिलावानें दिले जात, आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत ह्या मक्त्यांची व गांवगाड्याची हकीकत आहे. ती राज्यकर्त्याच्या सोयीनें लिहिलेली आहे खरी. पण तींत निदान तीन कादंबऱ्यांचें द्रव्य आहे, आणि आमचे लेखक ती बाजीरावाच्या स्वभावाचा एखादा दाखला मिळविण्यापुरतीच चाळतात.