‘तात्पुरतं’ फोल्डर आणि अर्धा सल्ला

संशोधन-पद्धतीच्या कार्यशाळेत एक सल्ला हमखास मिळतो : फाइलला अर्थपूर्ण नाव द्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्या अर्ध्या सल्ल्यापायी माझे दोन आठवडे गेले, म्हणून ही तक्रार.

एका ग्रंथालयात मी जुन्या मासिकांच्या पानांचे फोटो काढत होते. संध्याकाळी सगळे फोटो ‘तात्पुरतं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे, नावं सावकाश देऊ, असा बेत. कार्ड बदललं की माझ्या कॅमेऱ्याचे आकडे पुन्हा ०००१ पासून सुरू होत. एकदा घाईत ‘रिप्लेस’ दाबलं आणि आदल्या दिवशीची पानं गेली. उरलेल्या फाइलींना छान अर्थपूर्ण नावं दिली. पण वहीतल्या नोंदी होत्या कॅमेऱ्याच्या आकड्यांनुसार, आणि ते आकडे मी पुसून बसले होते. कुठला फोटो कुठल्या अंकातला, हे सांगता येईना. तळटीप द्यायची कशाच्या जोरावर?

अर्काइव्हमध्ये हे काम कसं होतं ते बघा. ‘आर्काइव्हमॅटिका’ ही मुक्त प्रणाली अनेक अभिलेखागारं वापरतात. तिच्यात आलेलं साहित्य लगेच कायमच्या साठ्यात जात नाही. वर्गवारी व्हायची असेल तर ते ‘बॅकलॉग’मध्ये थांबतं. पण थांबण्याआधीच प्रत्येक फाइलला स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळतो आणि चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदवला जातो. नावातली मोकळी जागा, अडचणीची चिन्हं बदलली, तर मूळ नावही नोंदीत राहतं. म्हणजे जागा तात्पुरती, नोंद मात्र पहिल्या दिवसापासून पक्की. आपण नेमकं उलटं करतो.

या प्रणालीवरही माझा एक आक्षेप आहे. नावं ‘स्वच्छ’ करताना ती देवनागरीचं रोमन करते. मूळ नाव नोंदीत असतं खरं, पण फोल्डर उघडणाऱ्या मराठी वाचकाला दिसतं ते ओळखू न येणारं रूप. आपली लिपी म्हणजे साफ करायचा कचरा नव्हे.

मग फाइलींची नावं मराठीतच द्यावीत का? माझं उत्तर : नको. कारण अस्मितेचं नाही, यंत्राचं आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दाचेच ५१ बाइट होतात! शिवाय ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच चिन्ह, किंवा ‘र’ अधिक नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटू शकतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : नाव हा पत्ता आहे, वर्णन नव्हे. सगळी माहिती नावात कोंबायचा हट्ट सोडा. फाइल उतरवली त्याच संध्याकाळी तिला छोटा क्रमांक द्या : तारीख (वर्ष, महिना, दिवस या क्रमाने), बॅच, आणि ०००१ सारखा चार अंकी आकडा. शून्यं गाळू नका, नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. सोबत एक तक्ता ठेवा : नवा क्रमांक, मूळ नाव, चेकसम, आणि शुद्ध मराठीत अंक, पान, ठिकाण. नाव बदललं तरी आतला मजकूर तोच असेल तर चेकसम बदलत नाही. त्यामुळे उद्या गोंधळ झालाच तर फाइल पुन्हा ओळखता येते.

हे सगळं रोज पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, मान्य. पण व्हायवात ‘हे पान कुठून आणलंत?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर त्या तक्त्यातच असतं. तुमचं ‘तात्पुरतं’ फोल्डर आज उघडून बघाच.