एक्सएमएलमधील सशर्त निर्बंध : शक व संवत्सर यांचे एक उदाहरण

एक्सएमएलचा आराखडा म्हणजे नोंदीचे व्याकरण, अशी व्याख्या नवागत विद्यार्थ्यास प्रथम सांगण्यात येते. ती चुकीची नाही, अपुरी आहे. कोणत्या घटकात कोणते उपघटक कोणत्या क्रमाने यावेत, एवढे हे व्याकरण सांगते. एका स्थानचे मूल्य दुसऱ्या स्थानच्या मूल्यावर अवलंबून असले म्हणजे विद्यार्थी गोंधळतो व नव्या साधनाचा शोध घेऊ लागतो. आमच्या मते येथे उणीव साधनाची नसून शर्तीचे स्वरूप न ओळखण्याची आहे.

मराठी हस्तलिखितांची सूची हे उदाहरण घेऊ. लेखनकालाच्या घटकास ‘कालगणना’ हे गुणलक्षण दिले. ते ‘शक’ असल्यास आत संवत्सर, मास, पक्ष व तिथी यावी. ‘इसवी’ असल्यास महिना व तारीख. २००१ च्या एक्सएसडी १.० मध्ये स्वतः योजलेल्या गुणलक्षणाच्या मूल्यावरून घटकाची अंतर्रचना ठरविण्याची सोय नव्हती. रिलॅक्स एनजी या आराखडाभाषेत गुणलक्षणे व उपघटक एकाच नमुन्यात गुंफता येतात, म्हणून तेथे हे सहज साधते. एक्सएसडीमध्ये ती सोय २०१२ साली १.१ या आवृत्तीने आली. परंतु सर्वत्र आढळणारी लिबएक्सएमएल२ ही प्रणाली १.१ जाणत नाही. वस्तुतः एवढा खटाटोप अनावश्यकच होय. ‘शकमिती’ व ‘इसवीदिनांक’ असे दोन घटक कल्पून त्यांपैकी एक निवडण्यास सांगितले की जुन्या आराखड्यातही काम भागते. ही शर्त नव्हतीच. दोन भिन्न वस्तूंना एक नाव दिल्याचा तो परिणाम होता.

खरी शर्त याच्या पुढे आहे. दक्षिणेकडील गणनेप्रमाणे शकात १२ मिळवून ६० ने भागले असता उरणारी बाकी हा संवत्सराचा क्रमांक होय (बाकी शून्य उरल्यास साठावा, क्षय). ज्ञानेश्वरीचा परंपरेने मानलेला शक १२१२ घ्या : १२२४ ला ६० ने भागता बाकी २४, म्हणजे विकृती संवत्सर. हा संबंध गणिताचा आहे; घटकांच्या मांडणीत तो नीट बसत नाही. त्यासाठी एक्सएसडी १.१ मधील विधान, किंवा रिक जेलिफ यांनी १९९९ मध्ये प्रथम मांडलेली व २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली स्कीमाट्रॉन ही नियमभाषा हवी. मराठी विद्यार्थ्यास येथे एक खाचखळगा आहे : या भाषांचा पूर्णांक 0 ते 9 याच चिन्हांचा. ‘१२१२’ ही त्यांच्या लेखी संख्या नव्हे, केवळ अक्षरे. म्हणून बेरजेपूर्वी अंकांचे रूपांतर करावे लागते.

आता मुख्य आक्षेप. हा नियम कितीही बिनचूक असला तरी तो नोंद नाकारण्यासाठी वापरावा काय? पुष्पिकेत लेखनिकानेच शक एक व संवत्सर दुसरे लिहिले असेल, अथवा उत्तरेकडील गणना अनुसरली असेल, तर विसंगती हीच साक्ष होय. एक्सएसडी १.१ चे विधान अशी नोंद सरळ अवैध ठरविते, आणि अवैधतेचा शिक्का टाळण्यासाठी सूचीकार संवत्सर ‘दुरुस्त’ करून मोकळा होतो. आराखडा निर्दोष राहतो. हस्तलिखित मात्र खोटे पडते. आमच्या नगराचे नाव २०२३ मध्ये बदलले. मुखपृष्ठावर ‘औरंगाबाद’ छापलेल्या जुन्या ग्रंथाचे प्रकाशनस्थळ नव्या नावाने लिहावयास लावणारा नियमही याच जातीचा.

म्हणून रचनेचे नियम आराखड्यात ठेवावेत आणि शक-संवत्सराचा नियम स्कीमाट्रॉनमध्ये, तोही इशाऱ्याच्या दर्जाचा. त्याचा संदेश लिहिणाऱ्याच्या भाषेत असावा : ‘शक व संवत्सर जुळत नाहीत, पुष्पिका पुन्हा वाचावी, पाठ तोच असल्यास तसाच ठेवावा.’ ‘पाठ तपासला’ असे एक गुणलक्षण जोडून दिले की इशारा दुसऱ्यांदा उमटू नये, एवढी शर्त त्याच नियमात घालता येते.