‘सैराट’चा अल्बम: मिश्रण की संयुग?

सिनॉप्सिस लिहिताना आपल्यातले बरेच जण एक शब्द हमखास वापरतात: ‘आंतरविद्याशाखीय’. मीही वापरला होता. प्रेझेंटेशनच्या वेळी सरांनी एवढंच विचारलं, “दोन विषय नुसते शेजारी ठेवलेत की एकमेकांत मिसळलेत? कसं ओळखणार?” मला उत्तर देता आलं नाही. खाली मान घालून पुढची स्लाइड लावली.

त्याच आठवड्यात लॅबमधल्या मित्रानं मोटरसायको या नॉर्वेच्या बँडचा एक अल्बम ऐकायला दिला. हा बँड १९८९ पासूनचा, ट्रॉन्डहाइम शहरातला. अल्बम २०१२ सालचा, नाव ‘द डेथ डिफाइंग युनिकॉर्न’. सायकेडेलिक रॉक, सोबत ट्रॉन्डहाइम जॅझ ऑर्केस्ट्रा आणि व्हायोलिनचा ताफा. गोष्ट समुद्रावर निघालेल्या एका तरुणाची. मूड सारखा बदलतो, पण प्रत्येक बदलाला ही मंडळी भरपूर वेळ देतात, कारण त्यांच्याकडे दोन डिस्कची ऐसपैस जागा आहे. ऐकताना सरांचा प्रश्न परत आठवला. आणि वाटलं, हा प्रश्न आपल्या घरच्या उदाहरणावर तपासायला काय हरकत आहे? भला मोठा ऑर्केस्ट्रा आणि मातीतला ठेका यांची सांगड आपण २०१६ पासून गल्लीगल्लीत ऐकतोय की. ‘सैराट’!

नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला आला. संगीत अजय-अतुल यांचं. गाणी फक्त चार, सगळी मिळून वीसेक मिनिटं: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. सिम्फनी ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. तेव्हा याचं इतकं कौतुक झालं की मला उलट शंका यायची. करमाळ्याच्या पोराच्या प्रेमाला हॉलिवूडचे व्हायोलिन कशाला? नुसता दिखावा तर नाही? म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हे मिश्रण असावं, संयुग नव्हे. वाळू आणि मीठ एकत्र केलं तरी वाळू वाळूच राहते, मीठ मीठच. सोडियम आणि क्लोरीनचं तसं नसतं. त्यांच्यापासून जे तयार होतं त्यात दोघांचेही मूळ गुणधर्म सापडत नाहीत.

मग तपासायचं कसं? मी तीन चाचण्या केल्या.

पहिली चाचणी, घटक काढून बघायचा. यासाठी वेगळा प्रयोग करावा लागत नाही. कोल्हापुरात लग्नाच्या वरातीत बँडवाले तो रोज करतात. ‘याड लागलं’ बँडवर वाजतं तेव्हा चाल शाबूत असते, ओळखू येते, पाय थांबतात. म्हणजे गाण्याचा कणा चालीत आहे, ऑर्केस्ट्रात नाही. पण एक गोष्ट नक्की हरवते: विस्तार. मूळ गाण्यात व्हायोलिन चढत जातात तेव्हा परश्याच्या छातीत जे होतंय ते डोंगराएवढं मोठं वाटतं. बँडवर ते गोड गाणं राहतं, एवढंच.

आणि इथेच माझी शंका मी मागे घेतली. परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला, खालच्या मानलेल्या जातीचा पोरगा. इतका मोठा वाद्यमेळ सिनेमानं सहसा राजवाड्यांना दिला, युद्धांना दिला, परदेशातल्या बागेत फिरणाऱ्या जोडप्यांना दिला. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला तो मिळाला, ही या अल्बममधली खरी घटना. ऑर्केस्ट्रा दिखावा वाटतो तो आपण मनातल्या मनात ‘याला कशाला एवढं?’ असं विचारतो म्हणून. मीही तेच विचारलं होतं, वरच्या परिच्छेदात परत वाचा.

दुसरी चाचणी, एक घटक बदलून बघायचा. हेही आयतं झालेलं आहे. २०१८ च्या ‘धडक’मध्ये याच संगीतकारांनी याच चाली हिंदीत आणल्या. ‘झिंगाट’चं नाव तेच राहिलं, ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’मध्ये गेली. चाल तीच, संगीतकार तेच, भाषा वेगळी. मला हिंदी गाणी गुळगुळीत वाटतात. ‘याड’ किंवा ‘बया’ असे बोलीतले खरबरीत शब्द सिम्फनीवर घासले जातात, त्यातून उष्णता निघते; ते शब्द काढले की घर्षणही गेलं. म्हणजे बोली हाही या संयुगातला एक घटक आहे, नुसतं वरचं लेबल नाही.

पण थांबा. हा नियंत्रित प्रयोग नाही. भाषेबरोबर सिनेमा बदलला, गाव बदललं, कलाकार बदलले. शिवाय मी ‘सैराट’ आधी शेकडो वेळा ऐकलाय, त्यामुळे माझा कान निःपक्षपाती नाही. उदयपूरकडच्या एखाद्या मुलानं उलट्या क्रमानं ऐकलं तर तो कदाचित वेगळं सांगेल. निष्कर्ष लिहायचा, पण त्याची मर्यादाही त्याच पानावर लिहायची, ही सवय आतापासून लावून घ्या.

तिसरी चाचणी, क्रम तपासायचा. इथे अल्बमची कमजोरी दिसते. पहिल्या तीन गाण्यांचा मूड बदलतो असं आपण म्हणतो, पण वही घेऊन ऐका. आधी मुलाचं वेड, मग मुलीची हुरहूर, मग दोघांचं मिळून; गाणारे बदलतात, तापमान जवळपास तेच राहतं. हळुवार सुरुवात, मग वाद्यं फुलत जाणं, मग शिखर. तिसऱ्या गाण्यात ही युक्ती आधीच कळते. चिन्मयी आणि अजय यांच्या आवाजांनी ते तारून नेलंय, रचनेनं नाही, असं माझं मत. मोटरसायकोवाले इतक्या वेळात एखादा सांधा खडबडीत ठेवून ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतात. इथे तसा एकच सांधा आहे: तिसरं गाणं संपून ‘झिंगाट’ सुरू होतं तो. ऑर्केस्ट्रा गायब, ठेका आणि सिंथेसायझर पुढे, आणि थिएटरात लोक खुर्च्यांवरून उठलेले. आमच्या महाद्वार रोडवर मिरवणुकीत ते वाजलं की आजही तेच होतं.

पण सिनेमात ‘झिंगाट’ कुठे येतं आठवा. प्रिन्सच्या वाढदिवसाला. त्याच रात्री आर्ची आणि परश्या पकडले जातात. त्यानंतर पळापळ, हैदराबाद, संसार. गाणं एकही नाही. आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतलाय. म्हणजे चारही गाणी फक्त पूर्वार्धाची आहेत. नुसता अल्बम ऐकणारा माणूस नाचत बाहेर पडतो. सिनेमा बघणारा बोलू शकत नाही. सगळ्यात मोठा मूडबदल अल्बमच्या बाहेर, शांततेत घडतो. त्या शांततेचा इतका त्रास होतो, कारण आधी कान वीस मिनिटं एवढे भरलेले असतात.

म्हणून माझं उत्तर असं: सुटा अल्बम हे उत्तम मिश्रण आहे. सिनेमाच्या उत्तरार्धासकट ऐकला तर संयुग. वरातीत आपण त्यातला सोयीचा भाग तेवढा वाजवतो, मीही वाजवलाय आणि नाचलोयही. रिसर्चमध्येही हेच होतं: ग्राफचा चढता भाग दाखवायचा आणि पुढचे सपाट पॉइंट्स ‘आउट ऑफ स्कोप’ म्हणून सोडून द्यायचे. सरांच्या प्रश्नाला मी सिनॉप्सिसच्या दुसऱ्या मसुद्यात असंच उत्तर दिलं: कुठला घटक काढला तर काय मोडतं, याचा एक तक्ता जोडला. या वेळी पुढची स्लाइड लावायची घाई केली नाही.

आता तुमची पाळी. आवडीचा एखादा अल्बम घ्या, वहीत तीन रकाने आखा: काय ऐकू आलं, काय वाटलं, का वाटलं असावं. पहिला रकाना पूर्ण भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. पुढच्या पोस्टमध्ये याच तीन रकान्यांनी रिसर्च पेपर कसा वाचायचा ते बघू.