नक्कल घेतली, ती परत उतरते का?

घरच्या संगणकात बिघाड झाला, की फोटो आणि लेख गेल्याची हळहळ आधी होते. पण ते पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेले असले, तरी प्रश्न संपत नाही. कार्यप्रणाली, प्रिंटरची आज्ञावली, मराठी टंकलेखनाची सोय हे सारे ज्या सिस्टिम डिस्कवर असते, ती नव्याने उभी करण्यात दिवस मोडतात. त्यासाठी डिस्कची 'इमेज', म्हणजे सर्व विभागांसह नक्कल, घेऊन ठेवावी लागते. नुसता 'सी' ड्राइव्ह कॉपी करून भागत नाही. संगणक सुरू करून देणारा छोटा विभाग वेगळा असतो व एरवी तो दिसतही नाही.

स्वस्तात हे काम करणाऱ्या आज्ञावल्या आम्ही कामोठ्यातील घरच्या संगणकाच्या दृष्टीने तपासल्या. कसोट्या दोन: नक्कल संगणकापासून अलग ठेवता येते का, आणि ती परत उतरवता येते का?

पहिल्या कसोटीचे महत्त्व रायगड जिल्ह्यातच दिसले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक आज्ञावलीने मर्स्क कंपनीचे जाळे पोखरले आणि न्हावा-शेवा बंदरातील तिचे टर्मिनल ठप्प झाले. वापरकर्त्यांची ओळख पटवणारे कंपनीचे मुख्य संगणक एकमेकांच्या प्रती बाळगून होते. पण सारे जाळ्याला जोडलेले, म्हणून सारे एकदमच गेले. वाचला तो घानातील एक. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती!

आता आज्ञावल्यांकडे वळू. विंडोजची नवी 'विंडोज बॅकअप' सोय नावाने फसवते. ती फोल्डर आणि सेटिंग्ज वनड्राइव्हवर नेते. सिस्टिम डिस्कची इमेज घेत नाही. फुकट जागाही ५ गिगाबाइटच. शिवाय १०० गिगाबाइट मजकूर सेकंदाला २० मेगाबिट वेगाने वर चढवायला सुमारे ११ तास लागतील. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या बाहेरच्या डिस्कला १७ मिनिटे. कंट्रोल पॅनेलमधील जुनी सोय इमेज घेते खरी, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवून इतरांच्या आज्ञावल्या वापरण्याचा सल्ला दिला. तिच्यावर विसंबू नये.

तैवानमध्ये तयार झालेली 'क्लोनझिला' मोफत आहे. पेनड्राइव्हवरून सुरू होते, डिस्कचा वापरात असलेला भागच उचलते आणि नक्कल शाबूत आहे का तेही तपासते. दोष मोठा तो मांडणीचा. डिस्कची ओळख 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी होते. उतरवताना निवड चुकली, तर भरलेली डिस्क पुसली जाते. त्याच प्रकारच्या नकला हाताळणारी 'रेस्क्यूझिला' चित्रमय पडद्यावर चालते. घरासाठी आमची पसंती हिला. खर्च एका पेनड्राइव्हचा आणि बाहेरच्या डिस्कचा. काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. शिफ्ट कळ दाबून धरून विंडोज पूर्ण बंद करावे. एरवी ते अर्धवट झोपते आणि इमेज घेताना अडथळा येतो. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

या सर्वच आज्ञावल्यांच्या माहितीत नक्कल घेण्याचे कौतुक फार आणि ती उतरवून पाहण्याचा आग्रह कमी, ही आमची मुख्य तक्रार आहे. 'काम पूर्ण झाले' हा संदेश केवळ दावा आहे; प्रयोगाविना तो का मानावा? शाळेत मूळ डिस्कइतकी किंवा मोठी रिकामी डिस्क असेल, तर मूळ डिस्क काढून ठेवून तिच्या जागी ती बसवावी, नक्कल तिच्यावर उतरवावी आणि संगणक सुरू होतो का, ते विद्यार्थ्यांसमोर पाहावे. सुरू झाला, तरच नक्कल आहे असे वहीत नोंदवावे.