पाटी की प्रयोगवही?

शाळेच्या संगणक-खोलीत कांद्याच्या पापुद्र्याचे चित्र तयार करण्याचे काम चालले होते. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर मोबाईल धरून काढलेला फोटो होता तो. पिवळट, कडेला काळी सावली आलेला. नववीतली एक विद्यार्थिनी तो नीट करत होती. तिने कडा कापल्या, पिवळेपणा कमी केला, पेशीभित्तिका उठून दिसाव्यात म्हणून उजळ-गडद फरक वाढवला, धुळीचे ठिपके एकेक करून पुसले. अर्ध्या तासात चित्र भित्तिपत्रकावर लावण्याजोगे झाले.

आम्ही म्हटले, “सुरुवातीचं कसं होतं, ते दाखव बरं.” तिने कंट्रोल-झेड दाबत दाबत मूळ फोटोपर्यंत मागे नेले. एक पेशीकेंद्रक दाखवण्यासाठी आम्ही माऊस हातात घेतला आणि चुकून बटण दाबले गेले. चित्रावर एक बारीक काळा ठिपका उमटला. ठिपका पुसायला परत कंट्रोल-झेड दाबले, तो गेला. पण आता पुढे जायचे कसे? ‘रीडू’ केले तर फक्त तो ठिपकाच परत येत होता. अर्ध्या तासाचे काम एका ठिपक्याने पुसून टाकले होते.

ती मुलगी म्हणाली, “राहू दे सर, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

तिचे काहीच चुकले नव्हते. खरे तर आमचेही फारसे चुकले नव्हते. आम्ही फक्त मागे वळून पाहिले होते. दोष प्रोग्रॅमच्या घडणीत आहे, आणि तो एखाद्या प्रोग्रॅमपुरता नाही. चित्र-संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅम्समध्ये तो कमी-अधिक प्रमाणात सापडतो. म्हणूनच त्याची थोडी उलटतपासणी करावीशी वाटते.

वह्यांचे दोन गठ्ठे

अन्डू कसे चालते ते समजायला टेबलावर वह्यांचे दोन गठ्ठे आहेत असे समजा. आपण चित्रात एक बदल केला, की आधीची स्थिती नोंदवलेली एक वही डाव्या गठ्ठ्यावर येते. अन्डू केले की डावीकडची सर्वांत वरची वही उघडून ती स्थिती परत आणायची, आणि जी स्थिती सोडली तिची नोंद उजव्या गठ्ठ्यावर ठेवायची. रीडू म्हणजे याच्या उलट. जी वही शेवटी ठेवली ती आधी उचलायची, एवढाच नियम. संगणकशास्त्रात अशा रचनेला ‘स्टॅक’ म्हणतात.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. तक्रार पुढच्या नियमाबद्दल आहे. मागे गेल्यावर आपण काहीही नवा बदल केला, तर उजवा गठ्ठा सरळ केराच्या टोपलीत जातो. नवा बदल म्हणजे मोठे काम असावे असे नाही. एक ठिपका पुरतो. चित्राचा एखादा भाग नुसता निवडणे हीसुद्धा पुष्कळ प्रोग्रॅम्समध्ये स्वतंत्र पायरी धरली जाते.

वर्गात हे दाखवायला दोन मिनिटे पुरतात. ‘पेंट’मध्ये एक वर्तुळ, एक चौकोन आणि एक त्रिकोण काढा. दोनदा अन्डू करा. फक्त वर्तुळ उरेल. आता एक ठिपका द्या आणि चौकोन परत आणून दाखवा, असे मुलांना सांगा.

उलट क्रिया का करत नाहीत?

मुले विचारतील, एवढ्या वह्या कशाला ठेवायच्या? केलेल्या क्रियेची उलट क्रिया केली की झाले! प्रश्न चांगला आहे. काही क्रिया खरोखरच उलटवता येतात. चित्र ९० अंशांत उजवीकडे फिरवले तर तितकेच डावीकडे फिरवून पूर्ववत होते. निगेटिव्ह केलेल्या चित्राचे पुन्हा निगेटिव्ह केले की मूळ चित्र मिळते.

आता उजळपणा घ्या. साध्या चित्रात प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेला असतो. शेजारच्या दोन बिंदूंचे आकडे २४० आणि २५० आहेत. दोन्हींत २० मिळवा. उत्तरे २६० आणि २७० यायला हवीत, पण २५५ च्या वर जागाच नाही. म्हणून दोन्ही २५५ होतात. आता दोन्हींतून २० वजा करा. दोन्हीकडे २३५ येतात. मूळचे २४० कोणते आणि २५० कोणते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. माहिती हरवली. चित्र धूसर करताना शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतात, तिथेही असेच होते. दोन संख्यांची सरासरी ५ आहे एवढ्यावरून त्या ४ आणि ६ होत्या की १ आणि ९, हे कळत नाही.

म्हणून जुनी स्थिती साठवून ठेवण्याला पर्याय नाही, आणि साठवायला जागा लागते. ४००० × ३००० बिंदूंच्या फोटोत १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३६ मेगाबाइट. अशा वीस पूर्ण प्रती ठेवायच्या तर ७२० मेगाबाइट हवेत. त्यामुळे चित्राचे फरशीसारखे चौकोनी तुकडे पाडतात आणि जे तुकडे बदलले त्यांचीच जुनी प्रत ठेवतात. समजा ६४ × ६४ बिंदूंची एक फरशी केली. आपल्या फोटोच्या २९६१ फरश्या होतील. धुळीचा ठिपका पुसताना त्यांतल्या एखाद-दोन, फार तर चार फरश्या बदलतील. एका फरशीला १२,२८८ बाइट लागतात. म्हणजे ठिपका पुसण्याची आठवण ठेवणे फारच स्वस्त आहे. धूसर करण्याची मात्र महाग, कारण तिथे सगळ्याच फरश्या बदलतात.

जागेची सबब

जागेची अडचण एके काळी खरीच होती. १९९० साली फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यात एकच पायरी मागे जाता येत असे. अनेक पायऱ्यांचा इतिहास दाखवणारा फलक त्यात १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आला. विंडोज एक्सपीमधल्या ‘पेंट’मध्ये तीनच पायऱ्या मागे जाता येई, विंडोज ७ मध्ये त्या पन्नास झाल्या. ‘गिंप’ या मुक्त प्रोग्रॅममध्ये किमान किती पायऱ्या ठेवायच्या आणि अन्डूसाठी किती स्मृती द्यायची, हे दोन्ही आपल्याला ठरवता येते. या सुधारणांचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण नीट विचार केला तर जागेची सबब आपल्या तक्रारीला लागू पडत नाही. जागा अपुरी पडली तर सर्वांत जुन्या पायऱ्या टाकाव्या लागतील. त्या मुलीचे चित्र मात्र सर्वांत ताजे होते. शिवाय ठिपका पडण्याच्या क्षणभर आधी त्या सगळ्या पायऱ्या संगणकाच्या स्मृतीत सुखरूप होत्या. क्षणभरापूर्वी ज्यांना जागा होती, त्यांना एका ठिपक्याने अशी कोणती अडचण झाली?

दुसरी सबब सोयीची. मागे जाऊन नवे काही केले की इतिहासाला फाटा फुटतो. सरळ रेषेऐवजी झाडासारखी रचना होते. मग रीडू म्हटल्यावर कोणत्या फांदीवर जायचे? हा प्रश्न खरा आहे. पण तो सुटण्याजोगा आहे, हे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅम्सनी केव्हाच दाखवले. ‘ईमॅक्स’मध्ये अन्डू हीच एक क्रिया म्हणून नोंदली जाते, त्यामुळे अन्डूलाही अन्डू करता येते. ‘विम’च्या २००६ मधील सातव्या आवृत्तीपासून इतिहासाच्या सगळ्या फांद्या जपल्या जातात. चित्रांच्या बाबतीत तर काम सोपे आहे, कारण प्रत्येक फांदीचे छोटे चित्र दाखवता येते आणि हवी ती फांदी डोळ्यांनी निवडता येते. फोटोशॉपच्या हिस्टरी फलकातही इतिहास सरळ रेषेत न ठेवण्याचा एक पर्याय आहे. पण तो मुळात बंद असतो, आणि ज्याला त्याची सर्वांत गरज, त्या नवशिक्याला तो ठाऊकच नसतो.

कळांचा गोंधळ वेगळाच. विंडोजच्या अनेक प्रोग्रॅम्समध्ये कंट्रोल-वाय म्हणजे रीडू. फोटोशॉपमध्ये त्याच कळा छपाईतले रंग पडद्यावर अजमावण्यासाठी आहेत. फोटोशॉपमध्येच पूर्वी कंट्रोल-झेड दोनदा दाबले की माणूस होता तिथेच परत येई; २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून तेच दोनदा दाबले की तो दोन पायऱ्या मागे जातो. नवी पद्धत अधिक सरळ आहे, पण वर्षानुवर्षे बोटांत बसलेली सवय एका रात्रीत चुकीची ठरली. जुन्या कळा परत लावून घेण्याची सोय ठेवली आहे, हे बरे केले.

प्रश्न शिकण्याचा आहे

एवढ्याशा गोष्टीवर एवढे का लिहावे? कारण अन्डूचे खरे मोल चूक सुधारण्यापेक्षा धीर देण्यात आहे. ‘करून तर बघू, नाही जमले तर मागे येऊ’ असे ज्याला वाटते तोच प्रयोग करतो. मागे जाण्याचीच भीती वाटू लागली, तर मूल पहिल्या बऱ्या वाटलेल्या चित्रावर थांबते. त्या दिवसानंतर आमच्या विद्यार्थिनीने काही दिवस अन्डूला हातच लावला नाही. ठिपका चुकला तर ती रबराने खोडत बसे.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना काय सांगतो? प्रयोगवहीत खाडाखोड करू नका, पान फाडू नका. वाचन चुकले तर त्यावर एक आडवी रेघ मारा आणि शेजारी नवे लिहा. चुकलेले वाचनही वाचता आले पाहिजे, न जाणो उद्या तेच बरोबर ठरेल. पाटी आणि वही यांत हाच फरक आहे. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. आजच्या संगणकाकडे हजार पानांची वही असूनही चित्र-संपादनाचे प्रोग्रॅम्स तिचा वापर पाटीसारखा करतात. फाईल बंद केली की बहुतेकांत हा इतिहास पुरता पुसला जातो. ‘डार्कटेबल’सारख्या प्रोग्रॅममध्ये मूळ फोटोला हात न लावता केलेल्या पायऱ्यांची यादी शेजारच्या फाईलमध्ये लिहून ठेवतात, दुसऱ्या दिवशीही ती वाचता येते. मागे जाऊन नवा बदल केला तर पुढच्या पायऱ्या तिथेही गळतात, तरी दिशा योग्य आहे.

तोपर्यंत वर्गात काय करावे? मागे जाऊन पाहण्याआधी चित्र वेगळ्या नावाने साठवावे: ‘पेशी-१’, ‘पेशी-२’ असे. मूळ फोटोची एक प्रत कायम वेगळी ठेवावी; म्हणजे तुलनेसाठी मागे जावेच लागत नाही. केलेल्या पायऱ्या आकड्यांसह वहीत लिहाव्यात. आमच्या विद्यार्थिनीने पायऱ्या लिहिलेल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा चित्र करताना तिने लिहिल्या. या वेळी काम दहा मिनिटांत झाले आणि चित्रही पहिल्यापेक्षा चांगले आले.

आणि एखाद्या मुलाचे काम असे नाहीसे झालेच, तर ‘तुझे लक्ष कुठे होते?’ असे विचारण्याआधी त्याला वह्यांचे दोन गठ्ठे दाखवावेत. यंत्राचा नियम काय आहे आणि तो तसाच असायला हवा का, हे त्याच्याबरोबर तपासावे.