वाटीचे माप आणि भट्टीची पारख

चैत्री यात्रेस जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो, तेव्हा घरोघरी पुरणपोळीचा नैवेद्य होतो. त्या पुरणाचे प्रमाण कोणी पुस्तकात शोधीत नाही. सून सासूच्या हाताखाली उभी राहते आणि अंदाज एका हातातून दुसऱ्या हातात जातो. नानकटाईची गोष्ट निराळी. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत धाडीत. त्यामुळे भाजण्याची विद्या भट्टीवाल्यापाशीच राहिली. आज घरात विजेची भट्टी आली आहे, पण शिकविणारे कोणी नाही. अशा वेळी पुस्तकासच सासूची जागा घ्यावी लागते.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली, ती ही जागा घेण्याच्या योग्यतेची होय. वाटी व चमचा ही घरातलीच मापे घेऊन त्यांनी अंदाजास आकडा दिला. वाटी लहान असो वा मोठी, सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले की परस्परांचे प्रमाण बिघडत नाही. नवशिक्या गृहिणीचा संकोच या एका युक्तीने जितका दूर झाला, तितका उपदेशाने खचित झाला नसता.

याच मापाच्या भरवशावर आम्ही घरी नानकटाई केली. पहिला घाणा दगडासारखा निघाला. दोष सर्वस्वी आमचा. मैदा आम्ही वाटीत दाबून भरला होता. दाबलेल्या वाटीत मोकळ्या वाटीपेक्षा सुमारे चौथा हिस्सा मैदा अधिक मावतो. आमटी पातळ वाटली तर उकळता उकळता आटविता येते. भट्टीत गेलेली नानकटाई परत घेता येत नाही. म्हणून भाजण्याच्या पदार्थांपुरता तरी तराजू वाटीहून श्रेष्ठ, असे आमचे मत झाले आहे.

केकच्या बाबतीत स्थळाचाही विचार करावा लागतो. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पिठातील वायू अधिक फुगतो. केक भरभर वर येतो आणि मध्येच बसतो. अमेरिकेतील पाकपुस्तके साधारण एवढ्या उंचीपासूनच बेकिंग पावडर थोडी कमी करावयास सांगतात. मुंबईस जमलेला केक येथे तसाच जमेल, असे गृहीत धरू नये.

तात्पर्य, पाकपुस्तकाने मापाबरोबर खूण आणि कारणही द्यावे. तूप-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसावी, ही खूण. त्यात हवा कोंडली जाते, हे कारण. माप पाठ करणारी गृहिणी एक पदार्थ शिकते. कारण जाणणारी फसलेला घाणाही उपयोगी लावते. आमचा दुसरा घाणा खुसखुशीत झाला. पहिला कुटून आम्ही लाडवात घातला, आणि मुलांनी तोच आधी संपविला!