श्यामची आई आणि दत्तूची आई

1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत दापोलीकडचे पालगड आणि आपले मालवण ही दोन्ही गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. म्हणून की काय, साने गुरुजींची आई यशोदा आपल्या ख्रिस्ती घरांनाही कधी परकी वाटली नाही. आमच्या घरी ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचली जाई. आमची आवस कान देऊन ऐके. पण शेवटची प्रकरणे जवळ आली की तिला चुलीपाशी काही तरी काम आठवे.

गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले. 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांची आई वारली 1917 साली. म्हणजे या पुस्तकामागे सोळा वर्षांचा शोक आहे, आणि आईच्या अखेरच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही टोचणीही आहे. शिक्षणासाठी दूर असलेला श्याम घरी पोचतो तेव्हा सारे संपलेले असते. ही टोचणी ध्यानात घेतली नाही, तर पुस्तकातील भाबडेपणा तेवढा डोळ्यांत भरतो.

भाबडेपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. यशोदा फार वेळा उपदेश करते. ती कधी चुकत नाही, कधी वैतागत नाही. मुलाच्या स्मृतीने तिच्यावरील धूळ फार काळजीपूर्वक पुसली आहे. परंतु पोहण्याचे प्रकरण पाहावे. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला ती मारून बाहेर काढते. हा मार मला त्या पुस्तकातील सर्वांत खरा क्षण वाटतो. ज्यांच्या अंगणापर्यंत समुद्र येतो, त्या आयांना तो समजावून सांगावा लागत नाही. मुलाने बुडू नये म्हणूनच त्याला पाण्यात ढकलायचे असते. आणि पोहायला शिकलेला मुलगा पुढे मुंबईला, आखातात, बोटीवर निघून जाणार, हेही तिला ठाऊक असते.

याच काळात, 1934 ते 1936 या वर्षांत, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. इथे आई स्वतः बोलते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. पुढे 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे म्हणजे एका पोराला उराशी धरून काढलेली वर्षे. तरी लक्ष्मीबाई रडगाणे गात नाहीत. सोवळ्याचे वेड, नवऱ्याशी झालेली भांडणे, स्वतःची फजिती, सारे त्या हसत सांगतात. मातृत्वाची थोरवी त्या कोठेही गात नाहीत. दत्तू त्यांच्या कथेत घरातल्या मुलासारखा वावरतो.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट जाणवते. मुलगा आईविषयी लिहितो तेव्हा ती देवी होते. आई स्वतःविषयी लिहिते तेव्हा ती माणूस राहते. वाङ्मय म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ला झुकते माप देईन. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि यशोदेची देवीमूर्ती अधिकच पक्की झाली. तो दोष अत्र्यांचा नव्हे, डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या आम्हा प्रेक्षकांचा.

तरीही आवस शेवटच्या प्रकरणांतून उठून जाई, ती ‘स्मृतिचित्रे’ ऐकताना मात्र कधी उठली नाही. उलट मध्येच हसून म्हणे, ‘‘वाच, वाच, थांबतंस कित्याक?’’ तिचे दोन झील तेव्हा मुंबईला होते. श्यामची गोष्ट तिला मुलाच्या बाजूने ऐकवतच नव्हती. ती दारात उभी राहून वाट पाहणाऱ्या बाजूने ऐकत होती, आणि त्या बाजूचे प्रकरण गुरुजींना लिहिता येण्यासारखे नव्हते.